घायपाताचा कस

हैबतीनं बाटली दोन्ही हातांत धरली
पारखायला आलेला दागिना धरावा तशी.
चाळीस वर्षं कोइमतूरला गलाई केली त्यानं,
मुशीतलं सोनं खरं की भेसळीचं
हे तोंडानं नाही, भुवईनं सांगायचा.
आता विट्यात, स्वतःच्या गच्चीवर,
गुडघे गेलेत, नाक शाबूत आहे.

बाटल्या दोन. जहाजावरच्या जावयानं आणलेल्या.
मी उत्साहानं मीठ-लिंबू घेऊन गेलो
तर म्हणाला, "कुणाला औषध पाजायचंय का?"
लिंबू खाली गेलं, उद्याच्या पोह्यांसाठी.

टकीला आधी. चष्मा कपाळावर चढवून
त्यानं लेबलावर एकच ओळ शोधली :
शंभर टक्के अगावे.
"ही ओळ नसली तर समज, निम्मी साखर दुसऱ्याची.
आणि उसाचीच प्यायची
तर आपला कारखाना काय वाईट?
सोनेरी रंगाला भुलू नकोस.
रंग पिंपातनं येतो तसा डब्यातनंही येतो."
मुलाम्याबद्दल त्याला कोण शिकवणार.

मग मेझकाल. बाटली एकदा हलवली,
काचेच्या कडेला बुडबुड्यांची माळ थांबली,
लगेच फुटली नाही, तसा तो खूश.
थेंबभर तळहातावर घेऊन चोळला,
आणि थांबला. किती वेळ थांबला!
"उडतंय ते उडू दे. मागं राहतं त्याचा वास घ्यायचा."
माझा हात त्यानं माझ्याच नाकाशी नेला.
विझत आलेली हुरड्याची आगटी,
ओली माती, आणि खाली कुठंतरी गूळ.

बर्फ नाही, सोडा नाही, मातीची तीन बोळकी.
तिसरं कुणाचं, विचारणार होतो,
तेवढ्यात जिन्यात खोकला वाजला :
बापू अवघडे, खांद्यावर झोपाळ्याचा दोर,
वाखाचा, हातानं वळलेला. नायलॉन हैबतीला चालत नाही.

बापूनं दोर खाली ठेवला, हवेत नाक उचललं.
"घायपात भाजलाय कुणी?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं.
हैबतीनं बाटली फिरवून लेबलावरचं चित्र दाखवलं :
आमच्या बांधावरचंच झाड, फक्त निळसर,
परदेशी गेलेल्या भावासारखं.

बापू बोलायला लागला, चित्राशीच बोलावं तसा.
पानं ओढ्यात दहा-दहा दिवस कुजत घालायची,
मग दगडावर आपटायची, कोपरापर्यंत खाज.
"शाळेत माझ्याशेजारी कुणी बसायचं न्हाय.
वास येतो म्हणायचे.
वास यायचा, ते खरंच हाय.
पर सुट्टीत आंघोळ करून गेलो तरी बसायचे न्हाईत."

हैबतीनं पहिलं बोळकं त्याच्या हातात दिलं.
मग स्वतःचं भरलं. मग माझं.
"जिभेवर राहू दे बापू, लगेच गिळू नको."
बापूनं डोळे मिटले. गालाचा एक स्नायू हलला.
"तुरा येण्याआधीचा गड्डा हाय ह्यो.
तुरा आला की झाडात काय उरत न्हाय."
पंचवीस पानी माहितीपत्रकात जावयानं
खुणा करून ठेवलेलं वाक्य
त्यानं न वाचताच सांगितलं.
मग म्हणाला, "आमी पानं न्हेली, गड्डा तसाच ठिवला.
ते गड्डा न्हेतात. पानाचं काय करतात?"
आम्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं.

दुसरं बोळकं त्यानं घेतलं नाही.
उठून कडीत दोर ओवायला लागला,
गाठ मारली, पायानं ताणली, परत सोडली, परत मारली.
हैबती मला विचारत होता, दोन्हीतली कुठली सरस?
मी म्हणालो मेझकाल, तो म्हणाला घाई करू नकोस,
मी म्हणालो बरं, टकीला. तो हसला.
बापूला विचारलं तर तो म्हणाला,
"आधी वजन टाकून बघा."

हैबती दुखरे गुडघे सावरत झोपाळ्यावर बसला.
दोर एकदा करकरला,
ताणला,
आणि गप्प झाला.
बापूनं हात कपाळाला पुसले,
मग सवयीनं हुंगले.